खडपातला मासा दोनदा लाईन तोडून गेला, तळाच्या मोठ्या माशासाठी सेटअप कसा करू?

वेर्ण्यातला_कोल्हापुरी

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरकडचा, तीन वर्षं झाली गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे. गावाकडं नदीला मरळ, रोहू धरण्यात लहानपण गेलं त्यामुळं वाटलं होतं मासेमारी येते आपल्याला, पण इथं समुद्रानं पार लाज काढली राव.

झालंय असं की मुरगावच्या बाजूला एक खडपाळ टोक आहे, तिथं रविवारी संध्याकाळी जातो. आधी लूर (खोटं आमिष) मारायचो, चणक (खाडीतला शिकारी मासा) मिळेल म्हणून, एक दोन छोटे तामसो (तांबोशी) मिळाले. मग तिथल्या एका काकांनी सांगितलं की या खडपाखाली मोठे गोब्रे (ग्रुपर, खडकाच्या बिळात राहणारे मासे) आहेत, तळाला आमिष सोडून बस. बसलो. पहिल्या दिवशी रॉड असा वाकला की वाटलं खडकच ओढतोय मला, तीन चार सेकंद लाईन सुटली आणि मग एकदम घट्ट, हलेना. शेवटी तुटली. पुढच्या रविवारी सेम टू सेम.

माझा सेटअप सांगतो. ९ फुटी रॉड, ४० ते ८० ग्रॅमवाला. ६००० चं स्पिनिंग रील. ३० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाईन), तिला एक स्विवल (फिरती कडी), पुढं हातभर ४० पाउंडाचा लीडर (टोकाची जाड लाईन), ३/० चा साधा गळ, आणि ६० ग्रॅमचं शिसं. आमिष म्हणून बांगड्याचा तुकडा.

आता १५ हजारापर्यंत घालायची तयारी आहे, दुकानदार म्हणतो जाड बोट रॉड आणि मोठं रील घे, सगळे प्रश्न सुटतील. घेऊ का? की अजून काही? आणि वाळूवरून पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) धरायला पण हाच सेटअप चालेल का? दोन्ही करायचंय.

माजोर्ड्याचो_गरयेकार

थांब रे पात्रांव, पैसे खिशात ठेव आधी. एक सांग, तुटलेली लाईन जपून ठेवलीस काय? तिचं टोक बघ. टोक डुकराच्या शेपटीसारखं पीळ पडलेलं असेल तर गाठ सुटली. ब्लेडनं कापल्यासारखं साफ असेल तर काहीतरी धारदार लागलं, नाहीतर केंडांनी (फुगणाऱ्या माशांनी) चावली. आणि शेवटची हातभर लाईन खरखरीत, धागे सुटलेली असेल तर खडपावर घासली. तिन्हीचं औषध वेगळं आहे. मासा गेला म्हणून रॉड बदलणारे लोक बघून बघून कंटाळा आला.

वेर्ण्यातला_कोल्हापुरी

रीलवर अजून तीच लाईन आहे, आत्ता बघितली. लीडर पूर्ण गेलाय, स्विवल पण. ब्रेडचा शेवटचा जवळजवळ दीड हात पार केसाळ झालाय, जुन्या सुतळीसारखा. बोटानं ओढला तर लगेच तुटला.

देवगडचो_वास्कोकर

मग झालं की निदान. मी पंधरा एक वर्षं वास्कोत आहे आणि त्यातली निम्मी वर्षं खडपावरच गेली असं बायको म्हणते, तर सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे गोब्रा काय करतो ते समजून घे. तो चणकासारखा उड्या मारत नाही की सुरमईसारखा शंभर मीटर पळत नाही. तो आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून असतो, आमिष समोर आलं की तोंड उघडून सगळं आत ओढून घेतो आणि मागे वळून घरात जातो. संपलं. ती तुझी तीन चार सेकंद म्हणजे तेवढंच अंतर. एकदा आत गेला की कल्ले आणि पंख फुगवून असा अडकून बसतो की त्याला बाहेर काढायला दोर लागेल. त्यामुळे खडपावर मासा दमवायचा वगैरे विचार सोडून दे, पहिल्या तीन सेकंदात त्याला तळापासून दीड दोन मीटर वर उचलायचंच.

आता तुझा ड्रॅग (किती जोराने ओढल्यावर रील लाईन सोडतं तो ताण) किती लावलेला होतास? हाताने ओढून 'बरा वाटतो' असा लावला असणार, सगळे तसंच करतात. घरी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला वजनकाटा असेल ना, तो घे. लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून काढून काट्याला बांध, बायकोला नाहीतर रूम पार्टनरला काटा धरायला सांग आणि रॉड अर्धा वाकवून ओढ. लाईन सुटायला लागेल तेव्हा काट्यावर किती आहे बघ. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा घट्ट म्हणून लावलेला ड्रॅग अडीच किलो निघाला होता! गोब्र्याला अडीच किलो म्हणजे गुदगुल्या.

नियम साधा आहे, लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्यावर ४ किलोच्या वर जाता येत नाही कारण गाठीत ताकद कमी होते आणि घासलेली ब्रेड तर अजून कमी. ५० पाउंडाची ब्रेड भर, ती साधारण साडेबावीस किलोची, मग ७ किलो आरामात लावता येतो. ६००० च्या रीलवर ती दोनशे मीटरच्या आसपास बसेल आणि खडपाला तेवढी लागत पण नाही. ८० पाउंड नको, उभं राहून १० किलो ड्रॅग धरून बघ एकदा, पाय घसरेल. शेवाळावर तर नक्कीच.

दुसरं आणि तुझ्या केसमधलं मुख्य. तुझा लीडर हातभर होता म्हणून खडपावर ब्रेड घासली. ब्रेड ओढायला लोखंड आहे पण घासायला कागद. खडपावर कालवं असतात, त्यांची धार तर तुला माहीतच असेल. तर लीडर दोन मीटर कर, १०० पाउंडाचा साधा मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाईन), साधारण ०.९ ते १ मिलिमीटर जाडीचा. फ्लुरोकार्बन महाग पडतो, गढूळ पाण्यात त्याची गरज मला तरी कधी वाटली नाही. आपला जाड तंगूस मिळतो तो पण चालतो, फक्त नवीन घे, उन्हात टांगून पिवळा पडलेला नको.

ब्रेड आणि लीडरच्या मध्ये स्विवल नको, कारण दोन मीटर लीडर असला की स्विवल रॉडच्या टोकाच्या कडीत अडकतो. एफजी नॉट शिक, ब्रेडला लीडर जोडायची बारीक गाठ. सुरवातीला वैताग येईल, मी आठ दिवस टीव्हीसमोर बसून बांधत होतो. वीस वेढे, प्रत्येक दोन वेढ्यांनी ताण, शेवटी थुंकी लावून पूर्ण जोरात आवळायची. हाताला ब्रेड गुंडाळून आवळू नकोस, बोट कापेल, काठीला गुंडाळ.

शिसं मेन लाईनवर कायमचं नको. लीडरच्या शेवटी तीन तोंडाचा स्विवल, एका तोंडाला ३०-४० सेंटिमीटरचा १०० पाउंडाचा तुकडा आणि गळ, दुसऱ्याला १० पाउंडाची पातळ फालतू लाईन आणि तिला वजन. वजन अडकलं की पातळ लाईन तुटते, बाकी सगळं हातात येतं. आणि वजन म्हणून शिसं कशाला घालवतोस, गॅरेजवाल्याकडून जुने स्पार्क प्लग आण, किंवा फाटक्या सॉक्सच्या पंज्यात वाळू भरून गाठ मार. मी मुलाचे शाळेचे सॉक्स वापरतो, घरी हिशोब लागत नाही कुठे जातात ते.

गळ ३/० फार छोटा. ८/० चा सर्कल (टोक आत वळलेला गळ) घे, जाड तारेचा. बांगड्याचं मुंडकं लाव, तुकडा नको, तुकडा केंडं आणि शिंगाळे खाऊन टाकतात. जिवंत शेवटो (बोय मासा) मिळाला तर त्याहून बेस, खेकडा पण चालतो. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे.

थोडक्यात तुझं रील, रॉड तेच ठेव. शेवटच्या दोन मीटरवर पैसे घाल.

पागेरवालो_रायबंदर

वरचं सगळं मान्य पण सर्कल गळाचं एवढं कौतुक नको. आमच्याकडे सगळे जुने लोक साध्या गरीने गरवतात आणि गोब्रे काढतात. शिवाय वायर लीडर लावला की घासण्याचा प्रश्नच मिटला, ते लिहिलंच नाही तुम्ही.

देवगडचो_वास्कोकर

साध्या गरीने काढतात कारण लाईन त्यांच्या बोटात असते, मासा तोंडात घेतो त्याच क्षणाला झटका देतात. हा माणूस रॉड खडपाला टेकवून चहा पिणार. साधा गळ तोवर पोटात गेलेला असतो. सर्कल घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, फक्त झटका द्यायचा नाही, नुसतं रील फिरवून ताण घ्यायचा. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं हे कबूल.

वायरबद्दल. गोब्र्याचे दात कातरीसारखे नसतात, कानसीसारखे असतात, १०० पाउंडाचा मोनो ओरखडतो पण तुटत नाही. वायर ताठ असते, आमिष मेल्यासारखं लटकतं, आणि एकदा वाकडी झाली की तिथेच तुटते. रात्री वाम (सापासारखा धारदार दातांचा मासा) नाहीतर मुशी लागायची शक्यता असेल तर वीतभर वायर लाव, एरवी नको.

पागेरवालो_रायबंदर

बरं, वामचं पटलं. मागच्या वर्षी दोन गळ वामनेच नेले असणार माझे.

साळ_नदीची_लेक

पाकटाचा प्रश्न सगळे विसरलेत म्हणून मी लिहिते. माझे बाबा बेतुलला होडीवरून गरवायचे, रॉड बीड काही नाही, लाकडाच्या फळीला गुंडाळलेला दीड मिलिमीटरचा तंगूस. होडीच्या आडव्या दांड्याला स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा पट्टा बांधलेला असायचा आणि तंगूस त्या पट्ट्याला. मोठा मासा लागला की ट्यूब ताणत जायची, बाबा बसून विडी ओढायचे आणि ट्यूबकडे बघायचे. ट्यूब आखडायला लागली की मगच हात लावायचे. तुमचा ड्रॅग म्हणतात तो हाच असणार!

वाळूवर सगळं उलटं आहे. तिथे मासा पळाला तर पळू दे, अडकायला काही नाही. त्यामुळे खडपाचा घट्ट ड्रॅग तिथे लावलास तर किनाऱ्यावर रॉड पाण्यात जाईल. खरंच जाईल, आमच्या शेजारच्या मुलाचा गेला. रॉडचा स्टँड वाळूत खोल रोव आणि ड्रॅग सैल सोड, आवाज आला की मग उठून घट्ट कर. लाईन लांब लागते, निदान अडीचशे तीनशे मीटर, आणि तिथे पातळ असली तरी चालते, तुझी ३० पाउंडाची ब्रेड फेकून देऊ नकोस, केसाळ भाग कापून दुसऱ्या स्पूलवर ठेव.

रिग म्हणजे सरकतं शिसं. लाईनीत भोकवालं शिसं ओवायचं, मग एक मणी, मग स्विवल, पुढे मीटरभर ८० पाउंडाचा मोनो आणि ७/० चा गळ. मासा आमिष घेऊन चालायला लागला तर त्याला शिशाचं वजन लागत नाही. मणी विसरू नको नाहीतर शिसं गाठीवर आपटून गाठ जाते. करंट असेल तिथे गोल शिसं लोळत जातं, तारांचे पाय असलेलं घे, वाळूत रुतून बसतं. माणकीची (स्क्विडची) लांब पट्टी पाकटाला आवडते, आणि केंडांनी सोलून नेऊ नये म्हणून तिला शिवणाच्या इलॅस्टिक धाग्याने पाच सहा वेढे दे.

पाकट लागलं की आधी पळेल आणि मग तळाला चिकटून बसेल. तुला वाटेल दगडात अडकलं. लाईन ताणून धर आणि तंबोऱ्याच्या तारेसारखी बोटाने वाजव, दोन तीन मिनिटांत उठतं. समोरून ओढत बसू नकोस, चार पावलं बाजूला चाल आणि तिरकं ओढ.

आता महत्त्वाचं. शेपटीचा काटा. गुडघाभर पाण्यात जाऊन शेपटीकडून पकडायची हौस करू नकोस. खायचं नसेल तर लांब पक्कडीने गळाजवळ लीडर काप आणि सोडून दे. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, भाजेल इतकं नाही, साधारण ४५ डिग्रीपर्यंत, तासभर तरी. विष उष्णतेने मोडतं त्यामुळे कळ कमी होते. मग डॉक्टर. खोल रुतलेला काटा स्वतः उपटायचा नाही. शिंगाळ्याच्या काट्याला पण हेच औषध. बाबा एकदा पायात काटा घेऊन घरी आले होते, आईने चुलीवर पाणी ठेवलं आणि तासभर फक्त शिव्या दिल्या.

माजोर्ड्याचो_गरयेकार

तुझ्या बाबांची ट्यूब म्हणजे जगातला सगळ्यात स्वस्त ड्रॅग.

कोल्हापुरी भाऊ, वेळेबद्दल कुणी बोललं नाही. अमावस्या पौर्णिमेच्या उधाणात झुआरीच्या तोंडाला पाणी इतकं धावतं की २०० ग्रॅम पण तळाला राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची, तेव्हा जा, १०० ग्रॅमवर काम होतं. आणि भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थांबतं तो अर्धा पाऊण तास सोडू नकोस, तळाचा मासा तेव्हाच बाहेर येतो. पंचांगात तिथी बघ आणि मोबाईलवर भरतीची वेळ.

पावसाळ्यात त्या टोकावर जाऊ नकोस, मासा मिळतो म्हणून लोक जातात आणि दरवर्षी कुणीतरी लाटेने ओढला जातो. बोटीने जायचा विचार असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ते धरून प्लॅन कर.

मांडवीकाठ

एक भर घालतो. गोब्र्यांच्या बऱ्याच जाती जन्मतः मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे एका खडपावरचे सगळे दांडगे काढलेत की मागे नुसत्या माद्या. मी स्वतः ५ किलोच्या वरचा सोडतो, मित्र वेड्यात काढतात, काढू देत. खोल पाण्यातून भरभर वर काढलेल्याची पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊ शकत नाही, तेव्हा सोडायचाच असेल तर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला सोडण्यात अर्थ आहे.

आणि वाळूवर करवत मासा लागला तर लाईन कापून लगेच सोडा, फोटोसाठी सुद्धा वर काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्या यादीत आहे.

वेर्ण्यातला_कोल्हापुरी

दोन आठवड्यांनी आलोय, सगळ्यांना रिपोर्ट देतो.

खर्च एकूण २,९०० झाला. ५० पाउंडाची ब्रेड, १०० चा मोनो, सर्कल गळाची दोन पाकिटं, स्विवल. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं. वजनकाट्यावर मोजला तर माझा जुना ड्रॅग १ किलो ८०० ग्रॅम निघाला, हसू नका. एफजी नॉट बावीस वेळा सुटली, तेविसाव्याला बसली.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पहिल्या तासात दोन शिंगाळे आले, त्यातल्या एकाचा काटा माझ्या बुटाच्या तळव्यातून आरपार, नशीब पाय वाचला. सॉक्सची पाच वजनं खडपाला वाहिली पण गळ एकही गेला नाही, पातळ लाईन दरवेळी बरोबर तुटली. मग पाणी थांबलं. वाऱ्यानं आडवी झालेली लाईन सरळ झाली, इतकं शांत की पलीकडच्या जेटीवरच्या लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं, आणि रॉडचं टोक एकदाच खाली गेलं. हाताला झटका द्यायची इतकी सवय की दात ओठ खाऊन स्वतःला थांबवलं. रील फिरवलं, जड लागलं, मग दोन पावलं मागं सरकून रॉड वर उचलला आणि उचललेलाच ठेवला. ड्रॅग एकदाच कर्र वाजला. कोपर अजून दुखतंय. वर आला तेव्हा तोंड एवढं उघडं की त्यात माझी मूठ गेली असती. साडेतीन किलो, त्याच काट्यावर मोजला. मांडवीकाठ, ५ किलोच्या आत आहे म्हणून ठेवला हो!

प्रश्न दोन. लीडरच्या खालच्या हातभर भागावर ओरखडे आलेत, नख फिरवलं तर लागतात. तोच परत वापरू का? आणि रूमवर आम्ही तिघं, तिघांपैकी कुणालाच एवढा मोठा मासा कापता येत नाही, सध्या फ्रीजमध्ये दार न लागता पडलाय.

देवगडचो_वास्कोकर

नखाला लागतात म्हणजे तो भाग गेला. कापून टाक आणि गाठ परत मार, दोन मीटर लीडर त्यासाठीच असतो. दीड मीटरच्या खाली आला की नवीन.

साळ_नदीची_लेक

मासळी बाजारात घेऊन जा, कापणाऱ्या बायका थोडे पैसे घेऊन करून देतात. खवले काढून तुकडे करून घे आणि मुंडकं त्यांना देऊ नको, त्या मागतीलच. गोब्र्याच्या मुंड्याचं हुमण (नारळाची आमटी) करायचं, तिरफळं घालून.

वेर्ण्यातला_कोल्हापुरी

तिरफळं म्हणजे?

माजोर्ड्याचो_गरयेकार

पत्ता पाठव, आम्हीच येतो.